मे संपेपर्यंत

अपघाताला अकरा आठवडे झाले तरी अंकुशदादाला सरळ रेषेत चालता येत नव्हतं.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. पाटणच्या वरच्या पठारावर पवनचक्क्या दुरुस्त करायचा. एकशेचाळीस मीटरचा मनोरा चढायचा, वर बसएवढी मोठी यंत्राची पेटी असते तिच्या छपरावर उभं राहून पाती तपासायची, हे त्याचं बारा वर्षांचं काम. २०३४ च्या ऑक्टोबरमध्ये मनोऱ्याच्या आतल्या शिडीवरून त्याचा पाय सुटला आणि चार मीटर खाली लोखंडी फलाटावर तो डोक्यावर आपटला. हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला. एमआरआय स्वच्छ आला, टाके भरून आले, डॉक्टरांनी घरी सोडलं. घरी आल्यावर त्याच्या लक्षात आलं की जमीन थांबतच नाहीये.

"होडीत बसल्यासारखं वाटतं गं वैजू," तो म्हणायचा. "झोपलो तरी होडी. डोळे मिटले तर जास्तच."

मी वैजयंती डुबल. कराडच्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट. डोक्याला मार लागल्यावर ज्यांची चक्कर महिनोन्महिने जात नाही, तोल सावरत नाही, असे लोक माझ्याकडे येतात. बारावीनंतर मला या शिक्षणाला घालायचा हट्ट दादाचाच होता. त्यामुळे तो माझ्याकडे पेशंट म्हणून आला तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं, याला पुन्हा वर चढवायचंच.

माझ्याकडे उपाय होता तो जुना आणि सावकाश. समोर हातभर अंतरावर एक छापील अक्षर धरायचं, नजर त्या अक्षरावर ठेवायची आणि मान डावी-उजवी हलवायची. बस, एवढंच. सुरुवातीला वीस सेकंद, मग तीस, मग उभं राहून, मग चालता चालता. दादा बाराव्या सेकंदाला घामाने भिजायचा आणि अठराव्याला उलटी करायचा. बादली शेजारीच ठेवलेली असायची.

"हे औषध आहे का शिक्षा?" एकदा त्याने विचारलं.

मी त्याला समजावलं. कानाच्या आत, कवटीच्या हाडात खोलवर, तीन बारीक वाकड्या नळ्या असतात. त्यांत पाणी असतं. डोकं वळलं की पाणी मागे रेंगाळतं, आणि त्यावरून मेंदूला कळतं की डोकं किती वळलं. त्या हिशेबाने तो डोळे तेवढेच उलट्या बाजूला फिरवतो, म्हणून आपण चालत असलो तरी समोरची पाटी वाचता येते. दोन्ही कानांकडून येणाऱ्या निरोपांचा मेळ बसला की जग स्थिर. मार लागल्यावर एका बाजूचा निरोप अर्धवट येतो. मग डोळे कमी पडतात, अक्षर घसरतं, पोटात ढवळतं.

"पण ते घसरणं मेंदूला दिसायला हवं, दादा. अक्षर घसरलं की त्याला कळतं, आपला हिशेब चुकतोय. मग तो हिशेब दुरुस्त करतो. रोज थोडा. उलटी होते म्हणजे काम चालू आहे."

"किती दिवस?"

"सात-आठ महिने. कदाचित वर्ष."

तो उठला. भिंतीला धरून स्वच्छतागृहाकडे गेला. पठारावर वाऱ्यात छपरावर उभा राहून बिडी पेटवणारा माणूस.

*

जानेवारीत 'स्थिरक' आलं. नाण्याएवढ्या दोन चकत्या. दोन्ही कानांमागे, जिथे हाड हाताला लागतं तिथे चिकटवायच्या. पेशंट त्यांना पहिल्या दिवसापासून टिकल्या म्हणू लागले. टिकली डोक्याची हालचाल सेकंदात हजार वेळा मोजायची, आणि कानाचा निरोप जेवढा कमी पडतो तेवढा, अगदी सौम्य विजेच्या रूपाने, कातडीतून कानाच्या नसेला पुरवायची. ऑपरेशन नाही, सुई नाही. परदेशातल्या आणि आपल्याकडच्या चाचण्या सहा सहा महिन्यांच्या झाल्या होत्या, आकडे उत्तम होते.

मी पहिल्या पाच पेशंटमध्ये दादाचं नाव घातलं.

चकत्या लावल्यावर यंत्राला त्याची मान ओळखायला चार मिनिटं लागली. दादा खुर्चीवर डोळे मिटून बसला होता. मग त्याचे खांदे खाली आले. आपले खांदे तीन महिने कानांपाशी ओढलेले होते हे त्यालाही तेव्हाच कळलं असावं. त्याने डोळे उघडले, खोलीभर नजर फिरवली, उठला, दारापर्यंत गेला, वळला, परत आला. कशालाही न धरता. मोनाली वहिनी दाराशी उभी होती. तिने तोंडावर पदर घेतला.

"थांबली," दादा म्हणाला. "वैजू, होडी थांबली."

तो लहान मुलासारखा रडला. मीही रडले. आता लिहिताना लपवण्यात अर्थ नाही, त्या दिवशी मला माझा सगळा अभ्यास, ती अक्षरं, त्या बादल्या अगदी टाकाऊ वाटल्या होत्या.

व्यायाम चालू ठेव, असं मी त्याला सांगितलं. त्याने ते आठवडाभर केले. मग बंद. ते मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. टिकली लावल्यावर अक्षर घसरतच नव्हतं, मग व्यायाम कशाचा करायचा?

एप्रिलमध्ये पवनचक्क्यांच्या कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला तपासून कामावर घेतलं. त्याचा जोडीदार फिरोज मुल्ला त्याला न्यायला घरी आला होता. एका मनोऱ्यावर नेहमी दोघं चढतात, आणि नऊ वर्षं हे दोघं एकत्र चढत होते. फिरोज जाताना वहिनीला म्हणाला, "वहिनी, काळजी नको. ह्याच्या कानाला टिकली आहे आणि खाली बघायला मी आहे."

*

दीड-दोन वर्षं सगळं चांगलं चाललं. माझ्याकडे स्थिरकवाले पेशंट वाढत गेले, चव्वेचाळीस झाले. त्यांना आठवड्याला एकदा चकत्यांखालची जेल बदलावी लागे. त्या चार-पाच मिनिटांत टिकली बंद असे.

माझ्या लक्षात प्रथम आलं ते उंडाळ्याच्या देशमुख सरांमुळे. निवृत्त गणिताचे शिक्षक, मोटारसायकलवरून पडलेले. सुरुवातीला जेल बदलताना ते माझ्याशी गप्पा मारत बसायचे. वर्षाने ते खुर्चीचे हात धरून बसू लागले. मग एकदा म्हणाले, "मॅडम, मी आडवा पडतो तोवर." त्या दिवशी टिकली काढली आणि सरांचे डोळे एका बाजूला झटके देऊ लागले. सरांनी माझं मनगट एवढं घट्ट धरलं की वळ उठले. मार लागला तेव्हासुद्धा त्यांची अशी अवस्था नव्हती.

मी प्रत्येक पेशंटची टिकली बंद असतानाची तपासणी सुरू केली. हे कुणी सांगितलेलं नव्हतं. स्थिरकच्या पडद्यावर सगळे अठ्ठ्याण्णव टक्के स्थिर दिसत होते, कारण तो पडदा टिकली चालू असतानाचंच मोजत होता. पाच महिन्यांत चित्र उघड झालं. मार लागलेला कान तर अधू होताच. आता चांगल्या कानाचाही निरोप मेंदू घेईनासा झाला होता. टिकलीचा निरोप स्वच्छ, ठाम, कधी न चुकणारा. मेंदूने तोच खरा धरला आणि स्वतःच्या कानांकडे दुर्लक्ष करायला सुरुवात केली. मग टिकलीला तूट वाढलेली दिसे आणि ती वीज वाढवी. वीज वाढली की मेंदू आणखी परावलंबी. विजेला एक कमाल मर्यादा होती. त्यापलीकडे कातडी भाजते, चेहरा ओढला जातो. त्या मर्यादेला पोचल्यावर काय होईल, याचं उत्तर सहा महिन्यांच्या कुठल्याही चाचणीत नव्हतं.

मार्चमध्ये मी दादाला बोलावलं. त्याचा आकडा मर्यादेच्या एक्याऐंशी टक्क्यांवर होता. टिकली काढली तेव्हा तो पलंगावरून घसरून जमिनीवर आला आणि फरशीला दोन्ही तळवे लावून पालथा पडून राहिला. मी घाईने चकत्या परत लावल्या.

"हे काय होतं?" त्याने विचारलं.

मी सगळं सांगितलं. नऊ-दहा महिन्यांत तू मर्यादेला पोचशील. आजपासून वीज हळूहळू कमी करत नेली आणि व्यायाम केले तर वर्ष-दीड वर्ष अंथरुणात जाईल, पण काही तरी परत येईल. चालण्याएवढं येईल असं वाटतं. मनोरा मात्र संपला.

दादा उठून पलंगाला टेकून बसला.

"नऊ महिने आहेत म्हणतेस ना?"

"अंदाज आहे."

"मग मे संपेपर्यंत दे मला. पावसाळ्यात वारा सुटतो, त्याच्या आत सगळ्या पात्यांचं काम उरकावं लागतं. माणसं नाहीत. मी उतरलो तर फिरोजला कुणीतरी नवखा जोडीदार देतील. जूनला मी स्वतः येऊन टिकली तुझ्या हातात ठेवतो."

"दादा, हा आकडा आज कंपनीला कळवणं माझं काम आहे."

"कळव की. जूनमध्ये कळव." मग त्याने माझ्याकडे बघितलं. "वैजू, पडलो तेव्हा तीन महिने मी भिंती धरून चाललोय. आता दीड वर्ष झोपून काढायचं म्हणतेस. त्याआधी दोन महिने उभा राहू दे."

मी हो म्हटलं. चव्वेचाळीसपैकी त्रेचाळीस जणांचा अहवाल लिहायला घेतला, आणि तोही जूनमध्येच पाठवायचा ठरवलं, कारण अहवाल गेला असता तर, त्यात नाव नसलं तरी, टिकली आहे म्हणून दादाला त्याच दिवशी खाली उतरवलं असतं.

माझ्या हिशेबात एक चूक होती. नऊ महिन्यांचा अंदाज मी जमिनीवर वावरणाऱ्या लोकांच्या आकड्यांवरून काढला होता. मनोऱ्याचा माथा वाऱ्याने सतत झुलतो. वरच्या एका दिवसात टिकलीला जेवढं काम पडतं तेवढं खाली आठवड्यात पडत नाही. हे मला सुचायला हवं होतं.

*

नऊ मे, सकाळचे साडेदहा. पुढचं मला दादाने सांगितलं, तुकड्यातुकड्याने, कित्येक दिवसांत.

ते छपरावर होते. दादाच्या कानात एक बारीक शिट्टी वाजली. स्थिरक मर्यादेला पोचलं की वाजते ती. त्यानंतर टिकलीने आपली रचना होती तसं केलं. नसेला इजा होऊ नये म्हणून ती बंद पडली.

दादाला वाटलं, मनोरा पडतोय. सगळं छप्पर उभं झालंय आणि आपण त्यावरून घसरतोय. आत उतरायची झडप आपल्या डोक्यावर आहे असं वाटून तो तिकडे चढू लागला. खरं तर तो छपराच्या कडेला सरपटत होता. दोरी ताणली गेली, तेव्हा हीच आपल्याला खाली ओढतेय असं वाटून त्याने छपराशी बांधून ठेवणारे पट्ट्याचे दोन्ही आकडे स्वतःच्या हाताने सोडवले.

फिरोज पाच पावलांवर होता. तिथे माणसाला दोन आकडे असतात, एक सोडला तरी दुसरा अडकलेला हवा, असा नियम आहे. फिरोजचा दुसरा आकडा मागच्या कडीला होता आणि त्याची दोरी दादापर्यंत पोचत नव्हती. त्याने तो सोडला, दादाच्या अंगावर झेप घेतली, पहिला आकडा स्वतःच्या पट्ट्यातून काढून दादाच्या पट्ट्यात अडकवला. "पकडलंय तुला, पकडलंय, हलू नको," असं तो म्हणत होता. दादाला आवाज ऐकू येत होता, पण कुठून येतोय ते कळत नव्हतं. त्याने पाय झाडले.

"माझा पाय त्याच्या छातीवर बसला," दादा म्हणाला. "बुटाखाली मला त्याची छाती लागली, वैजू. नंतर काही लागलं नाही."

दादाला दोन तासांनी खाली आणलं. फिरोज खाली होताच.

*

मी त्याच संध्याकाळी अहवाल पाठवला. आठ दिवसांत सरकारी आदेश आला, स्थिरक नव्याने कुणाला लावायचं नाही, आणि ज्यांना लावलंय त्यांचं देखरेखीखाली हळूहळू काढायचं. आमच्या जिल्ह्यात ते काम येणारी मी एकटी होते. दर आठवड्याला थोडी वीज कमी करायची, त्याच्या जोडीला व्यायाम. ज्यांचे आकडे खालचे होते ते सावरू लागले. एक पंचविशीतली मुलगी तर सप्टेंबरमध्ये टिकलीशिवाय जिना उतरली. देशमुख सर अंथरुणात होते, पण उशीला टेकून बसू लागले होते.

दादासाठी हळूहळू काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. मर्यादेनंतर त्याच्या नसेने विजेला दादच दिली नाही. तो वाठारच्या घरी समोरच्या खोलीत झोपून असे. कूस वळायलाही त्याला पाच मिनिटं लागत.

चौकशी समिती जुलैत घरी आली. दादाने पडल्या पडल्या जबाब दिला. मी शेजारच्या खोलीत होते.

"बहिणीने मला मार्चमध्येच खाली उतरायला सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी तिला सांगितलं, ऑफिसमधलं काम घेतलं म्हणून. तिला काही माहीत नव्हतं."

ते गेल्यावर मी आत गेले. "हे काय बोललास तू?"

"बोललो ते बोललो. तू गेलीस तर त्या त्रेचाळीस जणांचं कोण करणार? सही कर आणि कामाला लाग."

आमच्या रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर घोरपडेही तेच म्हणाले. "वैजयंती, भावाने सांगितलंय, समितीने मानलंय. आता उकरून काय मिळणार?" मला काही माहीत नव्हतं, अशा जबाबावर मी सही केली. कुणी काही विचारलं की पेशंटकडे बोट दाखवायची. ते खोटंही नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये समितीचा निष्कर्ष आला आणि मी फिरोजच्या घरी गेले. इतके दिवस धीर झाला नव्हता. त्याची बायको रुखसार अंगणवाडीत शिकवते. तिने मला पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि कपाटातून एक कागद काढून पुढे केला.

"वाचा ताई. शेवटचं पान."

मृत कामगाराने दोन्ही आकडे एकाच वेळी सोडून सुरक्षेचा मूलभूत नियम मोडला, हे मृत्यूचं तात्काळ कारण. अंकुश डुबल यांनी प्रकृतीची माहिती लपवली. अन्य कुणी जबाबदार नाही.

"नियम मोडला," रुखसार म्हणाली. "आता कंपनीत नव्या पोरांना हे शिकवतात म्हणे. फिरोज मुल्लाने काय चूक केली ते. पडद्यावर नाव घालून."

मी शेवटचं पान पुन्हा वाचलं. तिने एका ओळीवर बोट ठेवलं.

"अंकुशभाऊंची तब्येत तुम्हाला ठाऊक नव्हती, असं लिहिलंय."

"ठाऊक होती," मी म्हणाले. "मार्चपासून. आकडा मीच काढला होता. तो वर चढतोय हेही माहीत होतं. मी त्याला मे संपेपर्यंत सूट दिली."

तिने कागदाची घडी घातली. पुन्हा उलगडली.

"फिरोजला सांगितलं होतं का कुणी?"

"नाही."

"त्याला सांगितलं असतं तरी तो गेला असता हो अंकुशभाऊंबरोबर. पण दोन आकडे पुढे लावून गेला असता." ती उठून दाराशी गेली, बाहेर बघत उभी राहिली. "हे मला का सांगता ताई? मी काय करू ह्याचं? जिथे लिहिलंय तिथे जाऊन सांगा."

*

मी साताऱ्याला समितीकडे जाऊन नवा जबाब लिहून दिला. तारीख, आकडा, माझं नि दादाचं बोलणं, रोखून ठेवलेला अहवाल. घोरपडे सर एवढंच म्हणाले, "पेशंटचा विचार केला असतास." चौकशी पूर्ण होईपर्यंत मला कुठल्याही पेशंटला हात लावायला बंदी झाली. फौजदारी गुन्हा नोंदवायचा की नाही ते अजून ठरायचं आहे.

माझ्या जागी पुण्याहून एक जण आठवड्यातून दोन दिवस येतो, बाकी पडद्यावरून बघतो. तो वाईट नाही. पण डिसेंबरमध्ये देशमुख सर घरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यानंतर ते उठले नाहीत. त्यांच्या मुलाचा मला फोन आला होता. तो ओरडला नाही. तुम्ही असता तर, एवढं म्हणून थांबला.

समितीने फिरोजबद्दलचं वाक्य बदललं. सहकाऱ्याचा जीव वाचवताना मृत्यू, असं आता तिथे आहे. रुखसारने फोन केला नाही, आणि तिने करावा असं मी म्हणूही शकत नाही.

दादाला नव्या जबाबाबद्दल मी स्वतः सांगितलं. दुपारची वेळ होती, वहिनी ताट घेऊन आत येत होती. तो छताकडे बघत ऐकत होता. डोळे स्थिर ठेवायला त्याला छतावरचा एकच डाग लागतो.

"माझ्या हातून आता काय होणार होतं, वैजू?" तो शेवटी म्हणाला. "चालणं गेलं. फिरोज गेला. तुला वाचवलं, एवढं एक होतं माझ्याकडे. तेही काढून घेतलंस."

"त्याचं नाव खराब होत होतं, दादा."

"कळतंय मला. तरीपण."

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. त्या दिवशी नाही आणि अजूनही नाही.

पण त्याला जेवायला बसवायला दोन माणसं लागतात. वहिनी समोरून घास भरवते. कुणीतरी मागे बसून त्याच्या पाठीवर दोन्ही तळवे घट्ट दाबून ठेवावे लागतात, नाहीतर वर कुठे आणि खाली कुठे हे त्याला समजत नाही. पेशंटला हात लावायची मला बंदी आहे, भावाला लावायची नाही. त्या दुपारीही वहिनीने ताट खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि पलंगावर जागा केली. मी मागे बसले. दादा थोडा वेळ अंग आखडून राहिला. मग त्याचा घास गिळता गिळता तोल गेला, आणि त्याने सगळा भार माझ्या हातांवर टाकला.